डोळ्यांदेखत

जळलेली काडी फेकायची नाही, हा नियम ज्या घरांत पाळला जात असे, तिथे शेगडीशेजारी एक छोटा डबा असायचा. पहिली शेगडी नव्या काडीने पेटायची आणि दुसरी त्याच काडीच्या उरलेल्या टोकाने, पहिलीवरून विस्तव घेऊन. उदबत्ती, वीज गेल्यावरची मेणबत्ती, पावसाळ्यातली कासवछाप, सगळ्यांना त्या डब्यातल्या अर्धवट काळ्या काड्या पुरत. देवापुढचं निरांजन मात्र कोऱ्या काडीने लागायचं, कारण देवाशी काटकसर नाही. एरवी बोटाला चटका बसेपर्यंत काडी संपली असं कोणी मानत नसे.

या काडीचा हिशेब एकदा मांडून बघावा. 1 डिसेंबर 2021 पासून काडेपेटी एक रुपयाची दोन रुपयांना झाली. चौदा वर्षांनी झालेली ती वाढ, आणि तिच्या बदल्यात पेटीतल्या काड्या 36च्या 50 झाल्या. म्हणजे एक काडी चार पैशांची. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 नंतर चलनातून गेली, तेव्हा हे चार पैसे कोणाच्या तळहातावर ठेवायचे म्हटलं तरी ठेवता येत नाहीत. रोज एक काडी वाचवली तर वर्षाचे होतात चौदा रुपये साठ पैसे. एवढ्यात एका माणसाचा एक चहा होतो, तोही टपरीवरचा.

यावर, ही माणसं पैशासाठी काटकसर करतच नव्हती, असं म्हणून मोकळं होता येईल. पण ते खरं नाही. ती पैशासाठीच करत होती. एवढंच की त्यांचा हिशेब आकड्यांवर चालत नव्हता, डोळ्यांवर चालत होता. अर्धी काडी डोळ्यांना दिसते. तिचं उरलेलं लाकूड अजून पिवळं आहे, अजून जळू शकतं, हे समोर दिसत असताना ती केरात टाकणं जिवावर येतं. घरगुती काटकसरीचे जेवढे म्हणून विक्षिप्त प्रकार मी पाहिले, त्यांच्या मुळाशी मला हेच सापडलं. डोळ्यांदेखत वाया जातं ते वाचवायचं. जे दिसत नाही ते गेलेलं कळत नाही, म्हणून सलतही नाही.

दिव्यांचंच घ्या. आमच्याकडे दिवे बंद करण्याचं खातं आजोबांकडे होतं. माणूस खोलीच्या उंबऱ्यावर असायचा आणि मागे बटण खाली पडलेलं असायचं. कधी बाथरूममधला माणूस अंधारातून ओरडायचा आणि बाहेरून शांतपणे उत्तर जायचं, "आत आहेस होय? मला वाटलं झालं तुझं." त्यांच्या काळात या पहाऱ्याला अर्थ होता. साठ वॅटचा पिवळा बल्ब सोळा तास चाळीस मिनिटांत एक युनिट खातो. आजोबांचं हे खातं पुढे माझ्या वडिलांकडे आलं, तोवर घरात नऊ वॅटचे एलईडी दिवे आले होते. असा एक दिवा सलग साडेचार दिवसांहून जास्त जळत राहिला तेव्हा कुठे एक युनिट होतं. उलट दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास पाणी तापवत राहिला की तेवढंच युनिट संपतं. पण वडील दिव्याच्या मागे धावत आणि गिझर लावून पेपर वाचत बसत. यात त्यांची चूक अशी काही नव्हती. दिवा उजेड पाडून स्वतःची चुगली करतो. गिझरचा खर्च भिंतीवरच्या एका लाल ठिपक्यात बसतो, आणि तो ठिपका कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

शिवाय प्रत्येकाची नजर वेगळ्या जागी लागलेली असते. आमचे एक काका बसचं तिकीट वाचवायला दोन थांबे चालत जात आणि पोचल्यावर घसा कोरडा पडला म्हणून बर्फ घातलेला उसाचा रस पीत. आजोबा आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवत, पण अक्षय्य तृतीयेला हापूसची पेटी भाव न करता उचलत. आई साबणाची पातळ झालेली चकती नव्या वडीच्या पाठीवर ओलसर असतानाच दाबून बसवायची. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकजीव. शेजारच्या काकू भाजीवालीशी दोन रुपयांसाठी पाव तास घासाघीस करायच्या आणि मिळालेल्या फुकटच्या कढीपत्त्यातला निम्मा आमच्या दारात आणून ठेवायच्या. एकाच छपराखालची माणसंही वेगवेगळ्या ठिकाणी चिकट असतात आणि उरलेल्या सगळ्या ठिकाणी सैल. सगळी एकाच ठिकाणी चिकट असती तर त्या घरात कोणाला राहता आलं नसतं.

टूथपेस्टच्या ट्यूबवर मात्र सगळ्यांचं एकमत. पूर्वी ट्यूब पत्र्याची असायची, शेपटीकडून गुंडाळत आणली की गुंडाळलेली राहायची. घरातला शिस्तीचा माणूस कोण हे त्या गुंडाळीवरून ओळखू यायचं. पुढे दाबलं की परत फुगणाऱ्या ट्यूबा आल्या आणि बाथरूममध्ये कात्री गेली. पोटात आडवी कापून आत ब्रश फिरवला की आणखी काही दिवस निघतात. गोडेतेलाची पिशवीही अशीच, कोपरा कापून बरणीच्या तोंडावर रात्रभर उलटी टांगलेली. बनवणाऱ्याच्या लेखी वस्तू संपलेली असते, घराच्या लेखी तिचा अजून एक हप्ता बाकी असतो.

ही नजर तयार झाली तो काळच असा होता की प्रत्येक गोष्ट संपताना दिसायची. सरपणाचा ढीग खाली बसताना दिसायचा. रॉकेलच्या बाटलीतली निळी पातळी दिसायची, आणि ती तळाला गेली की रेशनच्या रांगेत कोणाला उभं राहावं लागणार हेही दिसायचं. रांजणातलं पाणी तर दिसायचंच, कारण ते कोणाच्या तरी कमरेवरून आलेलं असायचं. माझी आत्या नगरकडच्या कोरडवाहू गावात दिलेली. 1972च्या दुष्काळात तिने सरकारी कामावर खडी फोडली, तिथे वाटलेली सुकडी खाल्ली, बाहेरून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी केल्या. पुढे ती शहरात मुलाकडे राहायला आली, नळाला दिवसभर पाणी असलेल्या घरात. तरी तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत गेलं तर तिला अन्न गोड लागायचं नाही. ते कुंडीत जायचं. भाजी धुतलेल्या पाण्याने पायरी धुतली जायची. पाणी गाळायच्या यंत्रातून बाहेर जाणारी बारीक धार तिने पहिल्याच दिवशी हेरली आणि तिच्याखाली बादली लावली. फरशी पुसायला तेव्हापासून दुसरं पाणी लागलं नाही.

तिच्या खोलीतला नळ गळायचा. तिने त्याखाली तपेली ठेवली. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण शाळेत फळ्यावर वाचलेलं असतं. तिच्या तपेलीत ते मोजता यायचं. औषधाच्या मापाने वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरतात. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे 86,400 थेंब, म्हणजे चार लिटरच्या वर पाणी. ती तपेली सकाळी तुळशीला आणि संध्याकाळी पाय धुवायला जायची. शेवटी मुलाने प्लंबर बोलावून वॉशर बदलून घेतला, तेव्हा आत्या दोन दिवस हिरमुसली होती. नळ दुरुस्त झाला हे चांगलंच, पण आपलं तपेलीभर पाणी बंद झालं ना!

स्वयंपाकघरात ही नजर सर्वांत तल्लख. दोडका सोलला की त्याच्या शिरा वेगळ्या ठेवायच्या. बारीक चिरून थोड्या तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, त्यात तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ, आणि खलबत्त्यात जाडसर कुटायचं. ही चटणी दोडक्याच्या भाजीपेक्षा इतकी चविष्ट होते की आमच्याकडे चटणीसाठी दोडका आणायचा, अशी उलटी गंगा वाहायची. दुधीच्या सालांचं तेच. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या वरणात किंवा वाटणात. कलिंगडाचा लाल गर खाल्ल्यावर उरणारा पांढरा भाग किसून थालीपिठात. कोकणात फणसाच्या आठळ्या वाळवून पावसाळ्यासाठी राखून ठेवलेल्या. पिळलेल्या लिंबाच्या साली तांब्याची भांडी घासायला. कुकर लावायचा तर एकावर एक डबे ठेवून, भात, डाळ आणि वर बटाटे. एवढ्या वाफेवर एकट्या भाताचा काय अधिकार?

पण या सगळ्यांत मला सायीचा प्रवास सर्वांत देखणा वाटतो. रोजच्या दुधावरची साय साठवायची, विरजायची, घुसळून लोणी काढायचं. खाली उरलेल्या ताकाची कढी. लोणी कढवून तूप. तुपाच्या तळाला राहिलेली तपकिरी बेरी साखर घालून मुलांच्या हातावर. आणि बेरी खरवडून घेतल्यावरही पातेल्याला जो तुपाचा ओशटपणा राहतो, त्यात गरम भात आणि मीठ टाकून कालवायचं. तो भात कोणाला, यावर भावंडांची मारामारी. एका पातेल्यातून किती जेवणं निघाली हे बघितलं की काटकसर म्हणजे कमी खाणं, असं म्हणणाऱ्याला पंगतीला बसवावंसं वाटतं.

कापडालाही असंच दीर्घायुष्य होतं. साडी आधी बाहेरची, मग घरातली. विरली की तिची बाळासाठी दुपटी, उरलेल्याची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, आणि शेवटी स्टोव्ह पुसायचं फडकं. गोधडीला वाकळ म्हणणाऱ्या घरांत त्या टाक्यांतून कोणाची साडी कुठे बसली आहे ते अंधारात हात फिरवून सांगणाऱ्या बायका होत्या. जे कपडे धड राहून नकोसे व्हायचे ते बोहारणीसाठी. ती दारात टोपली उतरवून बसली की दोन तासांची निश्चिंती. "ताई, ही पँट गुडघ्यात गेलीय, हिला काय करू मी?" असं म्हणत ती कपडा उजेडात धरायची. इकडून आई पातेलं उजेडात धरून पोचा शोधायची. दोन पारखी नजरा समोरासमोर. शेवटी एक जरीची साडी वर टाकावी लागायची आणि पातेल्याला एक झाकणी मिळायची, आणि आपण जिंकलो या समाधानात दोघी उठायच्या.

कागद तर सरस्वती, त्याला पाय लागला तरी नमस्कार करायचा. टाकायचा कसा? कॅलेंडरच्या जुन्या पानांची वह्यांना कव्हरं, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर वाण्याची यादी, पोस्टकार्डावर पत्त्याची जागा सोडून चारी कडांनी लिहिलेला मजकूर, तो वाचायला कार्ड गोल फिरवावं लागे. या सवयीला मोठा वारसाही आहे. 2 जून 1947, सोमवार, गांधीजींच्या मौनाचा दिवस. फाळणीच्या योजनेबद्दल बोलायला माउंटबॅटन यांनी त्यांना बोलावलं होतं. गांधीजी बोलणार नव्हते. त्यांनी उत्तरं पेन्सिलीने लिहून दिली, वापरलेल्या जुन्या पाकिटांच्या पाठींवर. त्या चिठ्ठ्या माउंटबॅटन यांनी जपून ठेवल्या. देश तुटायची गोष्ट समोर होती, ती थांबवणं हातात उरलं नव्हतं, आणि तरीही कोरा कागद घ्यायचा नाही ही नजर त्या खोलीत शाबूत होती.

इथवर लिहिलेलं सगळं मला मनापासून आवडतं, म्हणूनच या नजरेला काय दिसत नव्हतं तेही लिहायला हवं. दोडक्याच्या शिरा वाया जाताना दिसायच्या, त्या सोलून, चिरून, परतून, कुटून तासभर उभ्या राहिलेल्या बाईचे पाय दिसायचे नाहीत. तिच्या वेळेला युनिट नव्हतं, मीटर नव्हता. शिळी पोळी टाकायची नाही हा घराचा नियम, पण ती खायची कोणी हे नियमात लिहिलेलं नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे. कुस्करा भरपूर असला तर नाश्त्याला सगळ्यांना. दीडच पोळी उरली असेल तर ती गाजावाजा न होता एकाच ताटात जायची, सर्वांत शेवटी वाढून घेतलेल्या ताटात. खिचडीची करपलेली खरवड, आंबायला लागलेली आमटी, डाग पडलेलं केळं, सगळे रस्ते तिथेच पोचायचे. घराची बचत झाली असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा घरातल्या एकाच माणसाने कमी आणि वाईट खाल्लेलं असतं.

आणि त्या माणसाची स्वतःची काटकसर? ती कोणालाच दिसू नये अशी केलेली असे. घरखर्चाला मिळालेल्या पैशांतून वाचवलेली चिल्लर आणि नोटा डाळीच्या डब्यात, तांदळाच्या पिंपात, गाद्यांच्या खाली, देव्हाऱ्यातल्या पोथीत. मुलीच्या बाळंतपणाला, भावाच्या अडचणीला, कधी नुसतंच कोणाला विचारावं लागू नये म्हणून. दुनियेला दाखवायच्या बचतीत ती काड्या मोजायची, आणि ही बचत मात्र मुठीत धरून बसायची. 8 नोव्हेंबर 2016च्या रात्री आठ वाजता पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्याचं दूरदर्शनवर सांगितलं गेलं, आणि पुढच्या काही दिवसांत घरोघरचे डबे उघडले. कित्येक नवऱ्यांना, मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की या घरात आणखी एक खजिनदार आहे. काहींनी थट्टा केली. "काळा पैसा सापडला" असं म्हणत हसले. बायकाही हसल्या. पण ज्या नोटा बँकेत गेल्या त्या बऱ्याचदा घराच्या खात्यावर गेल्या. वर्षानुवर्षं न दिसण्यावरच जी बचत टिकून होती, ती दिसली त्या दिवशी तिच्या हातातून गेली.

त्याच 2016 सालापासून आपल्याकडे फोनवरून पैसे देणं फोफावलं, आणि आता तर पैसे जाताना कोणालाच दिसत नाहीत. नोट मोडली की पाकीट रोडावल्याचं डोळ्यांना कळायचं. फोनवर नुसता एक आवाज येतो आणि तो आनंदाचा असतो. महिन्याच्या महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांत न पाहिलेल्या सिनेमांचे पैसे असतात. डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून नको असलेली वस्तू टोपलीत टाकताना आपल्याला बचत केल्यासारखं वाटतं. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच राहतो आणि आतून हलका होत जातो. आत्या पुडा हातावर तोलून म्हणायची, "यात काय राहिलं नाही आता." तिने वजन वाचलं नव्हतं, तिला वाचताच येत नव्हतं. पण ज्या डोळ्यांनी आणि हातांनी तिने मिलोचे दिवस काढले, त्यांना फसवणं सोपं नव्हतं. तिच्यासारखी नजर घेऊन फोनमधला हिशेब वाचणारं कोणी घरात असतं, तर काडीच्या चार पैशांना कोणी हसलं नसतं.

म्हणून आमच्या घरात जुन्या सवयी मोडीत काढलेल्या नाहीत, त्यांना एक कलम तेवढं जोडलं आहे. ज्याला वाया जाताना दिसलं, त्याने हात लावायचा. शिळी पोळी ज्याला सलते त्याच्या ताटात ती आधी वाढायची. तेलाची पिशवी ज्याला भरलेली वाटते त्याने टांगायची आणि सकाळी ओट्यावरचा ओघळ पुसायचा. या कलमाखाली बऱ्याच सवयी आपोआप निवृत्त झाल्या, काही टिकल्या. वडिलांना विजेचं बिल वाचायला बसवलं आणि गिझरचा अर्धा तास दाखवला. त्यांनी तो दोनदा गुणाकार करून तपासला. आता ते दिव्यांबरोबर गिझरवरही पहारा देतात, आणि आंघोळ करणाऱ्याला बाहेरून वेळ सांगतात.

परवा नवऱ्याला दोडक्याच्या शिरा कचऱ्याच्या डब्यात दिसल्या. "अगं, चटणी नाही का करायची याची?" तो म्हणाला. कलमाप्रमाणे त्यानेच शिरा धुतल्या, चिरल्या, मंद आचेवर परतत उभा राहिला, मध्येच मॅचचा स्कोअर बघायला गेला तेव्हा थोड्या करपवल्या, उरलेल्या खलबत्त्यात कुटल्या. शेवटी वाटीच्या तळाशी जमलेल्या त्या चटणीकडे बघून त्याने विचारलं, "एवढ्या खटाटोपाची ही चटणी विकायची म्हटली तर काय भाव लावायचा गं?" आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ही चटणी होत आली, तिचा भाव पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. "अजून खलबत्ता धुवायचाय," मी म्हटलं, "तो धर आणि मग लाव."